काळाचौकीचा हुतुतू, जिमखान्याचं रग्बी



आज खेळाच्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे. कोणी म्हणेल, बचत गटाच्या बायकांना रग्बीशी काय करायचंय? थोडं ऐका, मग ठरवा.

मुंबईतल्या काळाचौकीचं नाव आपल्यापैकी पुष्कळ घरांत रोजच्या बोलण्यातलं आहे. कोणाचे सासरे तिथल्या गिरणीत होते, कोणाचे दीर अजून अभ्युदयनगरात राहतात. लालबागला लागून असलेला हा भाग, जवळचं स्टेशन कॉटन ग्रीन. तिथून हार्बरची गाडी धरली की रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मस्जिद आणि मग सीएसएमटी. उतरून थोडं चाललं की आझाद मैदान. मैदानाच्या दक्षिण टोकाला उतरत्या छपरांची जुनी इमारत दिसते, तो बॉम्बे जिमखाना. मुंबईत रग्बी म्हटलं की हेच नाव पहिलं येतं. काळाचौकीपासून अवघी पाच स्टेशनं, पण हे अंतर कापायला कित्येक पिढ्या गेल्या.

आधी खेळ समजून घेऊ. ज्यांनी कबड्डी पाहिली आहे त्यांना तो अवघड नाही. चेंडू अंड्याच्या आकाराचा. एका बाजूला पंधरा खेळाडू, छोट्या प्रकारात सात. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, की पाच गुण. वाटेत समोरचे पकड करून पाडतात. सगळ्यात मजेशीर नियम म्हणजे हाताने चेंडू पुढे फेकायचाच नाही. द्यायचा तर बाजूच्याला किंवा मागच्याला. मुंबईत हा खेळ पावसाळ्यातला. मैदानात चिखल असतो आणि त्या चिखलात ही झटापट चालते. सामना संपला की दोन्ही संघांनी एकत्र बसून खायचं-प्यायचं, ही जगभरच्या रग्बी क्लबांची जुनी रीत.

बॉम्बे जिमखाना 1875 साली सुरू झाला, तो फक्त गोऱ्यांसाठी. आपला माणूस आत जायचा तो चाकरीला. बाहेरच्या मोकळ्या मैदानावर हिंदी पोरं क्रिकेट खेळायची, तिथेही साहेब लोक घोडे घेऊन पोलो खेळायला यायचे. टापांनी जमीन उखडली की पोरांचा खेळ संपला. 1881 साली या पोरांच्या बाजूने सरकारकडे अर्ज गेला, नंतरही अर्ज होत राहिले. पुढे समुद्राकाठी पारशी, मुसलमान आणि हिंदूंच्या जिमखान्यांना जागा मिळाल्या. म्हणजे मैदानासाठी अर्ज करणं, उत्तराची वाट पाहणं, पुन्हा अर्ज करणं, हे काही आपल्यापासून सुरू झालेलं नाही.

रग्बीची एक गोष्ट कलकत्त्याची आहे, ती हिशोब ठेवणाऱ्या बायकांनी ऐकावी अशी. तिथल्या इंग्रजांनी 1873 मध्ये रग्बीचा क्लब काढला. चार-पाच वर्षांतच तो ओसरला. हवा सोसेना, फौजेची माणसं बदलून गेली, लोक टेनिस-पोलोकडे वळले. फुकटची दारू बंद झाल्यावर सभासद घटले, असंही सांगतात! खात्यात पैसे मात्र शिल्लक होते. त्यांनी ते चांदीच्या रुपयांत काढले, 270 रुपये वितळवले आणि एक चषक घडवून इंग्लंडला पाठवला. त्याच्या तीन मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. तो कलकत्ता चषक म्हणून इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्यासाठी खेळतात. आमच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा वाद झाला. निम्म्या बायका म्हणाल्या, पैसे वाटून घ्यायला हवे होते. निम्म्या म्हणाल्या, वाटले असते तर आज त्यांचं नाव कोणी घेतलं असतं?

आता मुद्द्याचं. रग्बी हा हौशी खेळ, म्हणजे खेळण्याचा पैसा घ्यायचा नाही, असा कडक नियम होता. ऐकायला छान वाटतं. पण इंग्लंडच्या उत्तरेकडे लोकरीच्या-सुताच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी होत्या. तिथले कामगार रग्बी खेळत. सामन्यासाठी पाळी बुडाली की पगार कापला जाई. त्यांच्या क्लबांनी मागणी केली, खेळाचा मोबदला नको, बुडालेली मजुरी तरी भरून द्या. वरच्या मंडळींनी नकार दिला. 1895 साली हडर्सफील्ड गावात वीसहून जास्त क्लब बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. मूळ संघटनेनं पैसे घ्यायला परवानगी दिली ती थेट 1995 साली, शंभर वर्षांनी.

आम्हाला यात गिरणगाव दिसतं. काळाचौकी, लालबाग, परळ इथे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याहून आलेली माणसं दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायची. त्यांच्याजवळ जिमखाना नव्हता. हुतुतू होता. त्याला ना बॅट लागते ना चेंडू. चाळीपुढची जागा साफ करायची, पाणी मारून माती दाबायची, चुन्यानं रेषा आखायच्या. दिवसपाळी सुटली की संध्याकाळी सराव, सामने रात्री दिव्यांच्या उजेडात. क्लब म्हणजे मंडळ. पावतीपुस्तक घेऊन घरोघर वर्गणी, त्यातून बनियन आणि नारळ. नारळ फोडायचा, मातीला हात लावून कपाळाला लावायचा, मग आत जायचं. जिमखान्याइतकीच पक्की परंपरा ही, फक्त तिच्यावर जाडजूड पुस्तकं निघाली नाहीत. काळाचौकीच्या शहीद भगतसिंग मैदानावर अशा स्पर्धा गर्दीने पाहिल्या जातात.

या खेळाला नियमांची शिस्त लावून देशभर नेण्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा मोठा वाटा. त्यांचा जन्मदिवस 15 जुलै, तो महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. आणि बुडालेल्या मजुरीचा प्रश्न इथे वेगळ्या तऱ्हेनं सुटला. काही गिरण्यांनी, मग रेल्वेनं, बँकांनी आपले संघ काढले आणि चांगल्या खेळाडूला नोकरी दिली. चढाई चांगली म्हणून घरात पगार आला, अशी घरं गिरणगावात आहेत. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली आणि हा आधारही आटला. मंडळं मात्र वर्गणीवर उभी होती, ती पुष्कळशी टिकली.

जिमखान्याकडे परत येऊ. स्वातंत्र्यानंतर तिथे हिंदी सभासद आले, रग्बी खेळू लागले. 1998 मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला. त्यात सिनेमातले राहुल बोसही होते. जिमखान्यासमोर फॅशन स्ट्रीट आहे, स्वस्त कपड्यांची रांग. तिथल्या फुटपाथवरची मुलं सराव बघत उभी राहायची. मॅथ्यू स्पेसी नावाच्या खेळाडूनं त्यांना खेळायला बोलावलं. त्यातून 1999 मध्ये मॅजिक बस ही संस्था उभी राहिली, जी खेळातून मुलांना शिकवते. मुलांना सुट्टीच्या दिवशी बसमधून सहलीला न्यायचे, म्हणून हे नाव.

आणि बायका? कबड्डीत त्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1955 सालची. 2012 मध्ये पाटण्याला महिलांचा विश्वचषक भारतानं जिंकला, त्यात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. राज्य सरकारनं प्रत्येकीला एक कोटी रुपये जाहीर केले. रग्बीत भारताच्या बायका पंधरा जणींचा आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या त्या 2018 मध्ये. वर्षभरानं मनिलात त्यांनी सिंगापूरला 21-19 असं हरवून पहिला विजय मिळवला. कप्तान पुण्याच्या वाहबिझ भरुचा. शेवटची निर्णायक लाथ मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकनं.

आम्ही बायकांच्या रग्बीची चित्रफीत मोबाइलवर बैठकीत लावली. एक आजी म्हणाल्या, "अगं, ह्या भांडतायत का खेळतायत?" सगळ्या हसल्या. दुसरीनं विचारलं, "ह्यांचा सराव किती वाजता असतो? आणि तेव्हा घरचं पाणी कोण भरतं?"

बुडालेल्या मजुरीचाच प्रश्न हा, फक्त आमच्या मुलींची मजुरी कोणी मोजत नाही. गावातल्या सात-आठ मुलींना शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळायची आहे. त्यांना घरातून जागेसाठी कोणी नाही म्हणत नाही. नकार असतो तो पाच ते साडेसहा या वेळेला. म्हणून गटातल्या दोघी-दोघींनी पाळी लावून घेतली आहे. एकीनं मैदानावर थांबायचं, दुसरीनं त्या दिवशी खेळणाऱ्या मुलीच्या घरचे दोन हंडे भरून द्यायचे. हप्त्याच्या वहीत मागच्या बाजूला त्या पाळ्या लिहिल्या आहेत. या आठवड्यात मंगळवारची पाळी अजून रिकामी आहे.