'हीट' पाहिलेली माणसं

इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आमच्या मजल्याचं एक सामायिक फोल्डर होतं. त्यात मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, कुणीतरी टाइप केलेली प्रॅक्टिकलची जर्नल्स आणि 'हीट'. वर्षानुवर्षं एका बॅचकडून दुसरीकडे आलेला सिनेमा. तो पूर्ण पाहिलेली मुलं मोजकीच होती. बाकीचे हेडफोन लावायचे आणि थेट पावणेदोन तासांवर उडी मारायचे, जिथे बँक लुटून बाहेर पडलेली टोळी भर दुपारी, भर रस्त्यात पोलिसांवर गोळ्या झाडत निघते. आवाज असा की रूममेट झोपेतून उठून शिव्या द्यायचा.

या सिनेमाबद्दल मजल्यावर तीन पक्ष होते. एक गोळीबारवाल्यांचा. दुसरा कॉफीवाल्यांचा, म्हणजे पोलीस झालेला अल पचिनो आणि चोर झालेला रॉबर्ट डी नीरो टेबलाच्या दोन बाजूंना बसून शांतपणे बोलतात, तोच खरा सिनेमा असं मानणारा. आणि तिसरा, 'ती बायकांची भानगड कापली असती तर दोन तासांत बसला असता' असं म्हणणारा. मी पहिल्या पक्षातून दुसऱ्यात गेलो आणि त्याचा मला बराच अभिमान होता.

पुढे नोकरीत, बिल्ड चालू असताना वाचायला भरपूर वेळ मिळतो, तेव्हा कळलं की ती कॉफी खरी होती. नील मॅकॉली नावाचा अट्टल चोर खरोखर होता. तो आल्कट्राझमध्ये राहून आलेला होता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोचा डिटेक्टिव्ह चक अॅडमसन त्याच्या मागावर होता. एकदा दोघं अचानक समोरासमोर आले, तर अॅडमसनने त्याला सरळ कॉफी पाजली. पुढे मार्च १९६४ मध्ये एका सुपरमार्केटवरच्या दरोड्यानंतर पाठलागात मॅकॉली अॅडमसनच्या पथकाकडून मारला गेला. म्हणजे कथेतली बँकसुद्धा नंतरची, मूळ गोष्ट किराणा दुकानाची.

अॅडमसन पुढे पोलीसखातं सोडून टीव्हीसाठी लिहायला लागला आणि त्याची ही आठवण दिग्दर्शक मायकल मॅनच्या डोक्यात बसली. मॅनने ती आधी १९८९ मध्ये 'एल. ए. टेकडाउन' नावाच्या टीव्ही सिनेमात वापरली. तो जेमतेम तीन आठवड्यांत उरकलेला, आज फक्त तुलना करायला पाहिला जातो. मग १५ डिसेंबर १९९५ ला १७० मिनिटांचा 'हीट' आला. लोकांना एकच उत्सुकता होती : पचिनो आणि डी नीरो. 'गॉडफादर'च्या १९७४ च्या दुसऱ्या भागात दोघं होते, पण एकाही प्रसंगात एकत्र नाहीत. इथेही प्रेक्षकाला निम्म्या सिनेमापर्यंत थांबवून ठेवलंय. सिनेमा चालला, पण ऑस्करला एकसुद्धा नामांकन नाही. आज त्याला जो मान आहे तो प्रेक्षकांनी नंतर, हळूहळू दिलेला.

लॉस एंजेलिस हे शहर मॅनने उगाच निवडलं नव्हतं. १९९२ या एका वर्षात ते शहर आणि भोवतालच्या परिसरात २,६४१ बँकांवर दरोडे पडले होते. कामाच्या दिवसाला सरासरी दहा. त्यातले बहुतेक मात्र सिनेमासारखे नसायचे. टोपी घातलेला माणूस काउंटरवर चिठ्ठी सरकवायचा, कॅशियर हाताला लागेल ती रोकड द्यायचा, माणूस चालत बाहेर जायचा. फ्रीवेवर गाडी चढली की संपलं.

आणि मग २८ फेब्रुवारी १९९७. शुक्रवार, सकाळी सव्वानऊच्या सुमारास नॉर्थ हॉलिवूडमधल्या बँक ऑफ अमेरिकाच्या शाखेत लॅरी फिलिप्स आणि एमिल मातासारेनू शिरले. अंगभर बुलेटप्रूफ कवच, हातात ऑटोमॅटिक केलेल्या रायफली. रोकड अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली, सुमारे तीन लाख डॉलर, कारण बँकेने पैसे आणण्याचं वेळापत्रक बदललं होतं. बाहेर पडले तर पोलीस वेढा घालून उभे. पोलिसांकडे पिस्तुलं आणि शॉटगन, त्यातली एकही त्या कवचाला पुरी पडेना. काही पोलीस जवळच्या बंदुकांच्या दुकानात धावले आणि तिथून रायफली उसन्या आणल्या. हेलिकॉप्टरमधून हे सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं. शेवटी दोन्ही दरोडेखोर मेले. डझनभर पोलीस आणि अनेक नागरिक जखमी होते, पण त्यांच्यातला कुणी दगावला नाही हे नवलच.

ज्यांनी ते टीव्हीवर पाहिलं त्यांना चौदा महिन्यांपूर्वीचा सिनेमा आठवला नसता तरच नवल. रायफली त्याच, दुपारचं ऊन तेच (खरं तर सकाळचं, पण आठवणीत असे बदल होतात). 'हीट' बघूनच हे केलं, असं तेव्हापासून बोललं जातं. होस्टेलवर मीही हे पोरांना रंगवून सांगायचो. एखाद्या सिनेमाची याहून मोठी जाहिरात कुठली?

अडचण तारखांची आहे. बग शोधताना आम्ही पहिल्यांदा लॉग उघडतो आणि कुठली ओळ आधी आली ते बघतो. फिलिप्स आणि मातासारेनू यांना ऑक्टोबर १९९३ मध्येच ग्लेनडेल भागात पोलिसांनी अडवलं होतं. गाडीत रायफली, हजाराच्या वर काडतुसं, बुलेटप्रूफ जाकिटं, रेडिओ, सगळा संसार. थोडक्या शिक्षेवर दोघं सुटले आणि जप्त मालातला बराचसा त्यांना परतही मिळाला. जून १९९५ मध्ये त्यांनी पैसे वाहणारी व्हॅन लुटली, त्यात एक रक्षक मारला गेला. 'हीट' थिएटरात यायला तेव्हा सहा महिने होते. म्हणजे सिनेमाने त्यांना काही शिकवलं असेल तर ते फार उशिरा. माझं मत असं, की त्यांनी तो पाहिला असेल तर गिऱ्हाइकासारखा पाहिला असेल, विद्यार्थ्यासारखा नाही. पण 'सिनेमामुळे झालं' म्हणायला सोपं जातं. १९९३ मध्ये ती हत्यारं परत कुणी आणि का दिली, हा प्रश्न मग मागे पडतो.

चोर सिनेमा बघतातच, त्यात शंका नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये ब्रुकलिनमधली बँक लुटायला निघालेला जॉन वोइटोविच त्याच दिवशी 'गॉडफादर' पाहून आला होता. पुढे त्याच्यावरच 'डॉग डे आफ्टरनून' निघाला, पडद्यावर त्याची भूमिका केली ती पचिनोनेच, आणि तुरुंगातून त्या सिनेमाबद्दल पत्र लिहून त्याने कळवलं की यातलं तीसेक टक्केच खरं आहे. समीक्षक म्हणून मला तो आवडतो. आपल्याकडे केरळात, चेलेंब्रा इथे २००७ च्या अखेरीस बँकेखालचा गाळा भाड्याने घेऊन, वरची फरशी फोडून ८० किलोच्या आसपास सोनं नेलं, तेव्हाही पोलिसांनी 'धूम'चं नाव घेतलं. 'धूम'मध्ये मोटरसायकली आहेत. फरशी फोडायला मोटरसायकल लागत नाही.

'हीट'चा खरा परिणाम झाला तो दुसऱ्या बाजूला. क्रिस्टोफर नोलनने 'द डार्क नाइट'वर या सिनेमाचा प्रभाव असल्याचं उघड सांगितलं आहे. त्याच्या सुरुवातीच्या दरोड्यात बँक मॅनेजर म्हणून दिसणारा विल्यम फिक्टनर 'हीट'मध्येही आहे. आणि नॉर्थ हॉलिवूडनंतर लॉस एंजेलिसच्या गस्ती पोलिसांना रायफली मिळाल्या. ते मात्र सिनेमाने नव्हे, त्या सकाळने झालं.

एवढं सगळं मला पाठ होतं, म्हणून २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी आलो तेव्हा मोठ्या उत्साहाने बाबांना 'हीट' दाखवायला बसवलं. बाबा आमच्या तालुक्यातल्या एका सहकारी बँकेत कॅशियर होते, वर्षभरापूर्वीच निवृत्त झालेले. सबटायटल वाचायला त्यांना चष्मा आणि शांतता लागते. कॉफीच्या प्रसंगाला ते जांभई देत होते.

बँकेचा प्रसंग आला. डी नीरो काउंटरवर चढून लोकांना सांगतो, की आम्ही तुमच्या पैशाला हात लावत नाही, आम्हाला बँकेचा पैसा हवाय, तुमचा सरकारने विमा उतरवलाय.

"थांबव," बाबा म्हणाले. "हे चुकीचं आहे."

मला वाटलं नैतिक बोलतायत. ते विम्याबद्दल बोलत होते. ठेवींचा सरकारी विमा बँक बुडाली तर असतो, लुटली तर नाही. आपल्याकडेही तसंच, त्याच फेब्रुवारीत ती मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली होती आणि बाबा ते ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होते. दरोड्यासाठी बँक वेगळी पॉलिसी घेते आणि ती कंपनी पैसे देण्याआधी कागद मागते. तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडे होती, काउंटरवर मर्यादेपेक्षा जास्त रोकड का होती. मी नंतर शोधून पाहिलं, अमेरिकेतही हेच आहे. इतक्या वेळा पाहूनही तिथे अडखळलो नव्हतो.

"त्या मॅनेजरला मारलं ना तोंडावर? मागे घे जरा."

मी मागे घेतलं. किल्लीसाठी मॅनेजरचं तोंड फोडतात, तो प्रसंग काही सेकंदांचा आहे. बाबांनी तो तीनदा पाहिला.

मी पाचवीत असताना बाबांच्या शाखेत दोघं कोयता घेऊन शिरले होते. काउंटरवरची रोकड बाबांनी दिली. घरी एवढंच माहीत होतं, आणि आईने त्या दिवशी दृष्ट काढलेली. पुढचं मला त्या रात्री कळलं, सिनेमा पॉजवर असताना. बँकेने चौकशी लावली. प्रतिकार का केला नाही, घंटेचं बटण का दाबलं नाही, त्यांच्यातला कुणी ओळखीचा होता का. लेखी उत्तरं, दोन वेतनवाढी रोखलेल्या. त्या वर्षी माझी सायकल 'पुढच्या वर्षी' गेली होती, ते का, हेही तेव्हाच जुळलं.

"बटण पायाशी होतं," बाबा म्हणाले. "पाय हलत नव्हता."

मी काय बोलणार? मी विचारलं, पुढे लावू का. त्यांनी मान हलवली. रस्त्यातला गोळीबार सुरू झाला, तर आवाज कमी कर म्हणाले, शेजारचे झोपलेत. टोळीतला एक जण लहान मुलीला उचलून ढाल करतो, तिथे त्यांनी फक्त 'अरेरे' केलं. मग थोड्या वेळाने विचारलं, "त्या मॅनेजरचं पुढे काय झालं?"

सिनेमात तो पुन्हा येत नाही, हे मी सांगितलं.

ते उठले, चष्मा डबीत ठेवला आणि दाराची कडी नेहमीप्रमाणे दोनदा तपासून झोपायला गेले. विमानतळाचा शेवट मी आवाज बंद ठेवून एकट्याने पाहिला.