लोणारचें गुलाबी पाणी आणि हिस्टोन

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर इ. स. २०२० च्या जून महिन्यांत एकाएकीं गुलाबी झालें. लवणासुराचा वध विष्णूनें येथेंच केला आणि सरोवराचें पाणी हें त्या दैत्याचें रक्त होय, अशी जुनी आख्यायिका आहे. तेव्हां तो रंग पाहून कोणास तिची आठवण झाली असेल तर नवल नाहीं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलें. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत तपासले गेले, आणि हा रंग हॅलोआर्किआ नांवाच्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा आहे, असें निष्पन्न झालें. ते जीव तळाशीं बसतांच वरचें पाणी पुन्हा निवळलें.

या जीवांचें कूळ मोठें विलक्षण आहे. दिसावयास ते साध्या जिवाणूंसारखे. म्हणून दीर्घकाळ त्यांची गणना जिवाणूंतच होत असे. त्यांचें घराणें निराळें आहे हें कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं इ. स. १९७७ मध्यें दाखवून दिलें. पुढें असें आढळलें कीं, या घराण्यांतील अनेकांच्या पेशींत हिस्टोन जातीचीं प्रथिनें असतात. आणि हिस्टोन ही तर वनस्पति, प्राणी व मनुष्य यांच्या पेशीकेंद्राची खास मालमत्ता समजली जात होती!

हिस्टोनचा शोध लागला तो खऱ्याखुऱ्या रक्तांत. माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्र नसतें, पक्ष्यांच्या असतें. जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यानें पाळीव हंसाच्या रक्तपेशींचीं केंद्रें सौम्य आम्लांत घालून इ. स. १८८४ मध्यें हें प्रथिन वेगळें काढलें व त्याला नांव दिलें. इ. स. १९१० चें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. परंतु हिस्टोनचा मान कांहीं त्यामुळें वाढला नाहीं. कांचेचीं भांडीं पाठवितांना पेटींत गवत भरावें, तसें डीएनएभोवतीं हें भरण आहे, असेंच बहुतेकांस वाटे. इ. स. १९६४ मध्यें व्हिन्सेंट ऑलफ्री व त्याच्या सहकाऱ्यांनीं हिस्टोनवर विशिष्ट रासायनिक खुणा उमटतात आणि जनुकांच्या कार्याशीं त्यांचा संबंध दिसतो, असें सुचविलें. इ. स. १९७४ मध्यें रॉजर कॉर्नबर्गनें मूळ रचनेची कल्पना मांडली : आठ हिस्टोन मिळून एक मणी आणि त्याच्याभोवतीं, चातीवर सूत गुंडाळावें तसा, डीएनएचा धागा. माणसाच्या एका पेशींत हा धागा सुमारें दोन मीटर लांबीचा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या गुंडाळणीचें महत्त्व कळतें.

मण्याची नेमकी ठेवण पाहावयाची तर सगळे मणी एकसारखे हवेत, आणि अडचण नेमकी येथेंच होती. कोंबडीच्या रक्तांतून अगर वासराच्या ग्रंथींतून काढलेल्या हिस्टोनवर तऱ्हेतऱ्हेच्या खुणा अगोदरच उमटलेल्या असतात. कोणत्या रेणूवर कोणती, याचा मेळ नसतो. त्यावर झुरिच येथील शास्त्रज्ञांनीं युक्ति योजिली ती अशी : बेडकाच्या हिस्टोनचीं जनुकें ई. कोलाय या जिवाणूंत घालावयाचीं आणि त्याच्याकडून तें प्रथिन तयार करवून घ्यावयाचें. या जिवाणूला स्वतःचें हिस्टोन नाहीं आणि त्यावर त्या खुणा करणारी यंत्रणाहि नाहीं. म्हणून हातीं येणारें पुनःसंयोजित प्रथिन कोऱ्या कागदासारखें असतें. परक्या घरांत तें नीट आकार मात्र घेत नाहीं, गोळे होऊन पडतें. ते विरघळवून, शुद्ध करून, चारी प्रकारचे हिस्टोन समप्रमाणांत मिठाच्या तीव्र द्रावणांत एकत्र आणतात. हें द्रावण समुद्राच्या पाण्याच्या तिपटीहून अधिक खारट असतें. त्यांत डीएनए घालून मीठ सावकाश कमी करीत गेलें कीं धागा आपोआप मण्याभोवतीं बसतो. अशा मण्यांचे स्फटिक करून कॅरोलिन लुगर, टिमथी रिचमंड व सहकाऱ्यांनीं इ. स. १९९७ मध्यें त्यांची तपशीलवार रचना प्रसिद्ध केली. त्यानंतर हव्या त्या जागीं एकच खूण करून तिचा परिणाम काय होतो, हें विचारतां येऊं लागलें.

हीच रीत आर्किआच्या हिस्टोनलाहि लागू पडली. उष्ण झऱ्यांतील मेथॅनोथर्मस या जीवाचें हिस्टोन-जनुक इ. स. १९९० मध्यें उजेडांत आलें होतें. त्याचें प्रथिन वापरून लुगर यांच्याच गटानें इ. स. २०१७ मध्यें दाखविलें कीं, येथें सुटे मणी नसून डीएनए एका लांबच लांब दांड्यावर वेटोळें घालतो.

मग क्षारप्रिय जीवांचें काय? त्यांच्या पेशींत मिठाचें प्रमाण इतकें असतें कीं, प्रयोगशाळेंत तेवढ्या क्षारांत हिस्टोन व डीएनए एकमेकांस सोडून देतात. हॅलोबॅक्टेरियम हा लोणारच्या जीवांचा एक भाऊबंद. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत त्याचें हिस्टोन-जनुक काढून टाकून पाहिलें, तेव्हां पेशी मेली नाहीं; तिचा आकार व कांहीं जनुकांचें कार्य तेवढें बदललें. इ. स. २०२१ मध्यें याच गटाला असें आढळलें कीं, हें प्रथिन क्षारांचें प्रमाण बदललें असतां कोणतीं जनुकें वाचावयाचीं याचें नियमन करतें. हिस्टोन म्हणजे निव्वळ भरण ही समजूत तर केव्हांच मोडली होती. परंतु गुंडाळण्याचें काम जवळजवळ सोडून केवळ कारभार पाहणारा हिस्टोनहि असूं शकतो, हें मिठाच्या पाण्यांतल्या जीवांनीं शिकविलें.

लोणारच्या सरोवराला इ. स. २०२० मध्यें रामसर यादींत स्थान मिळालें. पाणी खारट राहील तोंवरच त्या गुलाबी जीवांची तेथें वस्ती आहे. आणि काठावरील झऱ्यांचें गोडें पाणी तर सरोवरांत सतत उतरत असतें.