पगाराच्या पावतीतले दोनशे रुपये

परवा चहाच्या टपरीवर पुन्हा तेच भांडण. एक कापड दुकानदार म्हणाला, "टॅक्स आम्ही भरायचा आन् पगार यांनी खायचा." शेजारी बसलेले गुरुजी तापले, "आमचा पगार झाला नाही तर तुमच्या दुकानात कुत्रं तरी येईल का?" मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनचा संप झाला तेव्हाही हेच ऐकलं होतं. त्या आठवड्यात मीसुद्धा 'कार्यालये ओस, जनता वेठीस' छापाची बातमी ठोकली होती. आज ती वाचली की वाटतं, घरातली वही आधी उघडायला हवी होती.

ही वही माझ्या वडिलांच्या किराणा दुकानाची. लाल कापडी पुठ्ठा, साल १९७३. म्हणजे ज्याला आपण १९७२ चा दुष्काळ म्हणतो, त्याचा कडेलोट. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पण पानापानावर उधारीपुढे दोनच शब्द दिसतात : "मस्टर आल्यावर."

नव्या पोरांसाठी सांगतो. सलग दोन-तीन वर्षं पाऊस फिरला, विहिरी आटल्या, जनावरं बाजारात मातीमोल गेली. सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती. तलाठी, ग्रामसेवक, बांधकाम आणि पाटबंधारे खात्यातले कारकून, ओव्हरसियर यांनी हजेरी लावायची, मापं घ्यायची, मस्टर तालुक्याला पोचवायचं आणि मग पैसे वाटायचे. रेशनला लाल मिलो, पोरांना सुकडी.

कागदावर हा पगार आठवड्याला होता. प्रत्यक्षात माप अडायचं, मस्टर अडायचं, कधी दोन आठवडे, कधी तीन. चूल मात्र रोज पेटवावी लागते. ती मधली फट गावोगावच्या वाण्यांनी उधारीवर भरून काढली. आणि उधारी तरी कशाच्या जोरावर? मस्टर आज ना उद्या येणार, या भरवशावर. सरकारी पैसा येणारच नसता तर वडिलांनीही वही मिटली असती, हे ते स्वतः कबूल करायचे.

आता यात सगळेच साधू नव्हते. मस्टरवर खोटी नावं चढली, मापात पैसे खाल्ले गेले. साठा दाबून तेला-गुळाचे भाव वाढवणारे दुकानदारही होते, त्यांच्या कथा आमच्याकडे अजून सांगतात. पण ती साखळी तुटली नाही, हे खरं.

यातूनच पुढे रोजगार हमी योजना पक्की झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर मात्र त्याआधीच शोधलं होतं, आणि टपरीवरच्या भांडणाचं उत्तरही तिथेच आहे. १९७५ साली व्यवसाय कर आला, आपण ज्याला प्रोफेशन टॅक्स म्हणतो तो. तो रोजगार हमीसाठीच बसवला होता. सोबत बागायती जमिनीवरचा आकार वगैरे आणखी काही कर, आणि जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची.

हा कर भरतं कोण? गुरुजींच्या पगारातून महिन्याला दोनशे कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे २,५००. आणि कापड दुकानदार? तोही वर्षाला २,५०० च भरतो. खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी दोघांच्या खिशातून एकाच कायद्याने पैसे काढले गेले. टपरीवर हे सांगितलं तर दोघेही माझ्याकडे बघत राहिले. गुरुजी म्हणाले, "मला वाटायचं हा टॅक्स नुसताच कापतात."

वहीतलं आणखी एक खातं सांगतो, नाव देत नाही. हा माणूस बांधकाम खात्यात कारकून. दुष्काळात त्याचं मस्टर आलं की आमच्या दुकानाची उधारी फिटायची. तेव्हा त्याचं स्वतःचं खातं वहीत नव्हतं, तो रोखीचं गिऱ्हाईक. मग १९७७ च्या डिसेंबरात र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. वसंतदादा मुख्यमंत्री होते. संप ५४ दिवस चालला, पगार बंद.

पुढच्या वहीत त्याचं पान उघडलेलं दिसतं. ज्वारी, गोडेतेल, चहा पावडर, साबण. जानेवारीच्या मध्यावर चहा पावडर बंद झालेली दिसते, मग साबण. ज्वारी चालू आहे. वडिलांनी समोर सवयीने लिहिलंय, "मस्टर आल्यावर", मग खोडून "पगार झाल्यावर". हप्त्याहप्त्याने फेड आहे. शेवटची रक्कम १९७८ च्या पोळ्याला जमा.