अकरावीची शाखा आणि विषयबदल : एक ऐतिहासिक आढावा



दहावीचा निकाल लागला की आपल्या जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "सायन्सला टाकलं का?" मुलाचे किंवा मुलीचे मन कोणत्या विषयात रमते हा प्रश्न मागाहून येतो, आणि कित्येक घरांत तो येतच नाही. पुढे पहिल्या चाचणीचे पेपर हातात पडले की तोच विद्यार्थी वर्गाबाहेर शिक्षकांना गाठून दबक्या आवाजात विचारतो, "सर, शाखा बदलता येईल का?" घरी हे विचारण्याची त्याची छाती होत नाही. शाखा बदलणे म्हणजे नापास होण्याचाच एक प्रकार, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. हा समज इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरतो, ते पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

मॅट्रिकचा काळ

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि मॅट्रिकची परीक्षा हे उच्च शिक्षणाचे महाद्वार ठरले. त्या काळी आजच्यासारख्या कला, वाणिज्य आणि शास्त्र अशा शाखा शाळेत नव्हत्या. इंग्रजी, गणित, इतिहास-भूगोल हे सर्वांनाच असत. निवड असे ती मुख्यतः दुसऱ्या भाषेची : संस्कृत की फारसी. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन प्रवाह असावेत, एक विद्यापीठाकडे नेणारा व दुसरा व्यवहारोपयोगी, अशी शिफारस केली होती. परंतु नोकरीची वाट मॅट्रिकवरूनच जात असल्याने पालकांचा ओढा मॅट्रिककडेच राहिला. प्रतिष्ठेच्या एकाच रांगेत उभे राहण्याची आपली सवय किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

विषयाची निवड त्या काळीही सर्वांच्या हाती नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत हवी होती. अस्पृश्य म्हणून ती त्यांना नाकारण्यात आली आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, आणि संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केली. इथे आपण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. हवा तो विषय मिळणे हा एक हक्क आहे आणि तो लोकांना सहजासहजी मिळालेला नाही. तसेच, वाट्याला आलेला विषय ही माणसाच्या बुद्धीची अखेरची मोजणी नव्हे.

खानदेशातील कॉलेजे आणि इंटरचे दिवस

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे. परंतु मॅट्रिकनंतर शिकायचे तर पुणे-मुंबईसारखे दूरचे शहर गाठावे लागे. १९४५ साली अमळनेरला प्रताप कॉलेज आणि जळगावला मूळजी जेठा कॉलेज सुरू झाले, तेव्हा आपल्या भागातील मुलांना घराजवळ कॉलेज मिळाले. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर खानदेशातील कॉलेजे त्या विद्यापीठाकडे आली. पुढे १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते.

या काळात शाळा अकरा वर्षांची होती आणि शाखेचा खरा निर्णय कॉलेजात पाऊल टाकताना होई. इंटर सायन्सच्या गुणांवर डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्याचे भवितव्य ठरे. त्यातच १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली आणि माध्यमिक शाळेतच मानव्यविद्या, शास्त्र, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहशास्त्र असे सात गट सुचवले. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाने आपली दिशा ठरवायची!

१९७५ चा बदल

हे फार लवकर होते, असे मत पुढे बळावले. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ साली आपला अहवाल दिला. आपल्या महाराष्ट्राचे जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. दहावीपर्यंत सर्वांना समान शिक्षण, नंतर दोन वर्षे उच्च माध्यमिक आणि तीन वर्षे पदवी, हा १०+२+३ चा आकृतिबंध १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने स्वीकारला. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली. आज आपण ज्याला ज्युनिअर कॉलेज म्हणतो, ते या बदलातून जन्माला आले.

वाचकहो, या सर्व हकिगतीतून एक गोष्ट स्पष्ट होते. विषय निवडण्याचे वय कधी चौदा धरले गेले, कधी सोळा. शाखांची संख्या कधी दोन सुचवली गेली, कधी सात, आणि अखेर तीन रूढ झाल्या. या भिंती आयोगांनी आणि सरकारी निर्णयांनी घातल्या आहेत. कोणतेही मूल कपाळावर शाखेचे नाव लिहून जन्माला आलेले नाही. मग सोळाव्या वर्षी घेतलेला एक निर्णय सतराव्या वर्षी बदलला, तर त्यात अब्रू जाण्यासारखे काय आहे?

सलीम अलींचे उदाहरण

या ठिकाणी एका थोर व्यक्तीचे उदाहरण देणे उचित होईल. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म मुंबईत १८९६ साली झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि मामांनी त्यांना वाढवले. १९१३ साली ते मॅट्रिक झाले व सेंट झेव्हियर कॉलेजात दाखल झाले. परंतु गणित काही केल्या जमेना. पहिल्याच वर्षानंतर कॉलेज सोडून ते कुटुंबाचा व्यवसाय पाहण्यासाठी ब्रह्मदेशात गेले. १९१७ साली परत आल्यावर व्यापारी कायदा आणि हिशेब शिकण्यासाठी त्यांनी डावर्स कॉलेजात नाव घातले. आजच्या भाषेत बोलायचे तर वाणिज्य शाखा धरली.

त्यांची पक्ष्यांविषयीची ओढ सेंट झेव्हियरचे फादर ब्लॅटर यांनी ओळखली आणि त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. सकाळी डावर्समध्ये हिशेब आणि नंतर झेव्हियरमध्ये प्राणिशास्त्र, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पुढचा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि १९७६ साली पद्मविभूषण हा किताब मिळाला. गणितात अडलेला मुलगा बुद्धीने कमी नव्हता, तो चुकीच्या बाकावर बसला होता. मात्र हेही विसरू नये की, त्याला ओळखणारा एक शिक्षक भेटला आणि त्याने स्वतः दुप्पट कष्ट केले. विषय बदलला म्हणून मेहनत टळली, असे झाले नाही.

परदेशात काय चालते, असे कोणी विचारील. इंग्लंडात १९५१ पासून ए लेव्हलची परीक्षा आहे. सोळाव्या वर्षानंतर तेथील मुले बहुधा तीनच विषय घेतात, आणि त्यांत शास्त्राबरोबर इतिहास किंवा वाङ्मय घेण्यास आडकाठी नसते. सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांत विषय बदलणे ही तेथे नेहमीची बाब मानली जाते. शिक्षकांशी बोलायचे, मागे राहिलेला अभ्यास भरून काढायचा आणि पुढे चालू लागायचे.

आजची व्यवस्था आणि तिची दिशा

आपल्याकडे शाखाबदलाचे दार आहे, परंतु ते एकाच बाजूने सहज उघडते. शास्त्र शाखेतून कला किंवा वाणिज्य शाखेकडे परवानगी घेऊन येता येते. कला शाखेत अकरावी करून बारावीला शास्त्र शाखेत जाता येत नाही. कारण उघड आहे. बारावीचे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र अकरावीच्या पायावर उभे असते आणि प्रात्यक्षिकेही चुकलेली असतात. वाणिज्य शाखेतही पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय मुळापासून शिकावा लागतो. तेव्हा तिकडे येणाऱ्याने अकरावीचे पुस्तक आधी पुरे करावे.

शाखा न बदलता विषय बदलण्याचाही मार्ग असतो. शास्त्र शाखेत गणित सोडून जीवशास्त्रावर भर देता येतो किंवा जीवशास्त्र सोडून गणित ठेवता येते. मात्र गणित सोडले की इंजिनिअरिंगची वाट बंद होते, आणि जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय शिक्षणाची अडते, हे घरी बसून नीट समजून घ्यावे. बंद दारेही कधी किलकिली होतात. २०२३ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीट परीक्षेस बसण्याची मुभा दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर कला आणि शास्त्र यांच्यामध्ये पक्की भिंत नसावी, अशी भूमिका घेतली आहे. २०२५ साली अकरावीचे ऑनलाइन प्रवेश संपूर्ण राज्यासाठी सुरू झाल्यावर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थीही त्या पद्धतीत आले. पसंतीक्रम भरताना मित्राची यादी उतरवून न घेता स्वतः विचार करावा, हे आता अधिकच अगत्याचे झाले आहे.

आपल्या घरांचा प्रश्न

आपल्या समाजातील मुलांपुढे आणखी एक अडचण असते. दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेले मूल अकरावी सायन्सला जाते तेव्हा विषयाबरोबर भाषाही बदलते. सारे इंग्रजीतून. पहिल्या चाचणीत गुण घसरले ते विषय कळला नाही म्हणून की भाषा कळली नाही म्हणून, हे आधी तपासले पाहिजे. भाषेची अडचण असेल तर शब्दकोश, जादा तास आणि चार महिन्यांचा धीर यांनी ती सुटू शकते. तेवढ्यासाठी शाखा सोडण्याची घाई करू नये. परंतु विषयातच मन नसेल, आकडेमोडीची धास्तीच बसली असेल, तर ओढाताण करण्यात हशील नाही.

कारण खरे नुकसान शाखा बदलल्याने होत नाही, ते न बदलल्याने होते. लोक काय म्हणतील या भीतीने मूल दोन वर्षे रेटत राहते, बारावीला दोन विषय राहतात आणि शिक्षणच सुटते. मुलगा दुकानावर किंवा गॅरेजवर जाऊ लागतो. मुलगी असेल तर "आता पुरे झाले" म्हणून तिला घरी बसवले जाते. हीच मुलगी कला शाखेत आली असती तर पदवीधर झाली असती, बी.एड. करून शिक्षिका झाली असती, स्पर्धा परीक्षेला बसली असती. कला शाखा म्हणजे उरलेल्यांची शाखा, ही भाषा आपण घरात बोलणे बंद केले पाहिजे.

आपण खानदेशची माणसे, शेती आपल्याला सांगायला नको. पहिला पाऊस दगा देतो, उगवण होत नाही, तेव्हा शेतकरी दुबार पेरणी करतो. त्याला कोणी हसत नाही. पण दुबार पेरणी वेळेत करावी लागते. दसऱ्याला कपाशी पेरून चालत नाही. तसेच विषयबदलाचे आहे. पहिल्या चाचणीनंतर मुलाजवळ बसा, त्याचे पेपर पाहा. वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना भेटा. परवानगीची मुदत व कागदपत्रे कार्यालयातून विचारून घ्या, कारण मुदत टळली की वर्ष जाते. बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरला गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हालाही एवढेच सांगणे आहे. अभ्यासाचा कंटाळा आणि विषयाची नावड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंटाळा नव्या शाखेतही तुमच्या मागोमाग येईल. आपल्याला यांपैकी काय झाले आहे, ते प्रामाणिकपणे ओळखा आणि अब्बा-अम्मींजवळ वेळीच मन मोकळे करा. आणि पालकहो, मूल तसे बोलायला आले तर पहिल्या वाक्याला रागावू नका. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या.