तबकडीवरचे नाव

दारव्ह्याला आमचे आजोळ. त्या घराच्या माळ्यावर एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात किल्लीचा ग्रामोफोन. पणजोबांचा कापसाचा व्यवहार. एका बऱ्या सालात त्यांनी हा 'गाण्याचा डबा' आणला, तेव्हा पणजीने तो माजघरात येऊ दिला नाही, असे आजी सांगत असे. 'बाई गाते ना त्यात!' एवढेच पणजीचे कारण. डबा ओसरीवर राहिला. गंमत अशी की पहाटे जात्यावर बसून पणजी स्वतः गात असे आणि तिची जाऊ तिच्या आवाजात आवाज मिळवीत असे. पण ते गाणे नव्हे, ते दळण!

त्या पेटीत अकरा तबकड्या निघाल्या. त्यांतल्या एकीवरचा कागद पार उडालेला. कोणत्या कंपनीची ते कळत नाही आणि गाणाऱ्यांची नावेही नाहीत. सुई टेकवली की खरखरीतून दोन बायकांचे आवाज येतात. एक चढा, एक जरा जाडसर. तीन मिनिटांत सारे संपते. या दोघी कोण, हा प्रश्न मी वीस वर्षे मनात बाळगून आहे. त्याचा माग काढता काढता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा श्रीगणेशा झाला तो कलकत्त्यास, नोव्हेंबर १९०२ मध्ये. फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ यंत्रसामग्री घेऊन आला होता. पहिला मान गौहरजानचा, असे आपण सर्रास म्हणतो. पण तिच्याही आधी, ८ नोव्हेंबरला, क्लासिक थिएटरमधल्या शशिमुखी आणि फणिबाला या दोन पोरी भोंग्यासमोर उभ्या राहिल्या. वये चौदा आणि सोळा. गैसबर्गला त्यांचे आवाज मुळीच आवडले नाहीत आणि तसे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवूनही ठेवले. पुढे गौहरजान आली, तिने कीर्ती मिळवली आणि या दोघी इतिहासाच्या तळटीपेत गेल्या.

त्या काळी विजेचा ध्वनिग्राहक नव्हता. भोंग्यात तोंड घालून, आवाज फेकून गावे लागे आणि त्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरी. पुढची प्रक्रिया जर्मनीत हॅनोव्हरला. कलकत्त्याजवळ सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. सातासमुद्रांपलीकडच्या कामगाराला ही गायिका कोणती हे कळावे कसे? म्हणून गाणे संपताच गायिकेने स्वतःच नाव पुकारायचे, अशी चाल पडली. 'माय नेम इज गौहरजान' हे तिचे शब्द रसिकांना ठाऊक आहेत. कारण अगदी व्यवहाराचे. पण त्यातून घडले काय ते पाहा. ज्या बाईचे नाव सभ्य घरात दबक्या आवाजात घेतले जाई, तिने ते स्वतः खणखणीत उच्चारून लाखेवर कोरून ठेवले.

लाख म्हणजे आपल्याच जंगलातला जिन्नस. पळस, कुसुम, बोर या झाडांवर पोसणाऱ्या किड्यांची ती देणगी. फाल्गुनात आमच्या यवतमाळच्या माळरानावर पळस पेटला की मला त्या तबकड्या आठवतात.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांचे. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'च्या पदांना ज्या चाली लाभल्या, त्या सुंदराबाईंकडून आल्या. बालगंधर्वांचा सूर घरोघरी पोचला. चाल देणारी बाई मात्र किती जणांना आठवते? त्यांच्या तबकड्या निघाल्या, १९३९ च्या 'माणूस' बोलपटात त्यांनी आईची भूमिका केली आणि १९५५ मध्ये त्या गेल्या.

हुबळीच्या गंगूबाई हनगल यांची कथा वेगळी. १९३० नंतरच्या त्यांच्या आरंभीच्या तबकड्यांवर 'गांधारी' असे नाव आहे. पुढे त्यांनी आपले नाव परत मिळवले, कारण त्यांना शहाण्णव वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्याहून मोठी साधना. ज्यांच्या दोन-चारच तबकड्या निघाल्या, त्यांनी काय करावे?

अशा पुष्कळ होत्या. बड्या कंपनीच्या शेजारी लहान कंपन्या निघाल्या. मुंबईची 'यंग इंडिया' त्यांतलीच. त्यांना स्वस्तात गाणारे हवे असत आणि बैठकीतल्या, तमाशातल्या, मोडक्या नाटक मंडळ्यांतल्या बायका गात. कंपन्या बुडाल्या, वह्या रद्दीत गेल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशांना रेडिओने दार लावले. पणजीचाच न्याय, फक्त सरकारी शिक्क्याचा!

दुसऱ्या टोकाला केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली आणि त्याच सप्टेंबरात त्या निवर्तल्या. एक सूर आंतरतारकीय अवकाशात पोचला आणि आमच्या दोघी दारव्ह्याच्या माळ्यावर पडून राहिल्या.

तरी कुणी काही केलेच नाही, असे नाही. १९९० मध्ये मुंबईत जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली आणि तिने याद्या जमवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करवल्या, त्याही गाणारीच्या नावागावासह. ही नावे टिपण्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझ्या दोघींची नावे मात्र सापडली नाहीत. त्यांच्या वेळेपर्यंत नाव पुकारण्याची चाल मागे पडली असावी. नाव छापलेले आहे, मग ओरडायचे कशाला? आणि छापलेला कागदच आमच्या माळ्यावर वाळवीने खाल्ला.

मात्र शोधताना माझ्या लक्षात आले की पणजीचे माहेरचे नावही मला ठाऊक नव्हते. आजी गेलेली. ते सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. शेवटी तिच्या माहेरच्या एका वृद्ध नातेवाइकाकडून ते कळले. यंदा शाळेत नववीच्या मुलांना मी निबंध दिला: 'माझ्या आजीचे गाणे'. अट एकच. पहिल्या ओळीत आजीचे संपूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग वही कोरी घेऊन आला. आजीला विचारून या, म्हटले, आणि मुदत आठवड्याने वाढवली.