इमाम शाफईंच्या शेजारी : कैरोचं कब्रस्तान आणि बदलतं शहर

लहानपणी कोकणातून पुण्याला मामांकडे आलो की मोहल्ल्यातल्या मशिदीत माझी हमखास फजिती व्हायची. रुकूत जाताना मी हात उचलायचो, शेजारचे उचलत नसत. गावाकडे असरची नमाज होऊन आम्ही खेळायला पळालेलो असायचो, इथे मात्र त्या वेळी अजानसुद्धा झालेली नसे. एकदा एका बुजुर्गांनी थांबवून विचारलं, ‘बाळ, तुला नमाज कुणी शिकवली?’ माझ्याऐवजी अब्बांनीच उत्तर दिलं, ‘आम्ही कोकणी, शाफई मजहबचे.’ एवढ्यावर विषय मिटला. माझ्या मनात मात्र प्रश्न राहिला, हे शाफई कोण?

उत्तर पुस्तकांतून मिळत गेलं. इमाम मुहंमद बिन इद्रीस अश्-शाफई. जन्म इ. स. 767, गाझा. मक्का, मदिना, येमेन, बगदाद असा प्रवास करत ते इजिप्तला पोहोचले आणि आयुष्याची शेवटची काही वर्षं तिथेच राहिले. 820 साली त्यांचं निधन झालं. अरबी समुद्रावरून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर त्यांचा मजहब कोकण आणि मलबारच्या किनाऱ्यावर आला. आमच्या गावातल्या असरच्या वेळेचा धागा असा थेट नाईलकाठी जाऊन पोहोचतो. 2023 च्या जानेवारीत कैरोला जाण्याचा योग आला, तेव्हा पिरॅमिडच्या आधी मी इमामसाहेबांच्या कबरीची वाट धरली.

इमामसाहेब आले तेव्हा ‘कैरो’ नावाचं शहर अस्तित्वात नव्हतं. 641-42 च्या सुमारास सेनापती अम्र बिन आस यांनी नाईलच्या पूर्व काठावर फुस्तात वसवलं. तिथे त्यांनी बांधलेली मशीद आफ्रिका खंडातली पहिली मशीद मानली जाते. याच मशिदीत इमामसाहेब दर्स देत. पुढे आलेल्या प्रत्येक राजवटीने जुनं शहर सोडून शेजारी नवं वसवलं. अब्बासींनी 751 च्या सुमारास अल-अस्कर उभारलं. अहमद इब्न तुलूनने 870 मध्ये अल-कताई वसवलं. 905 मध्ये अब्बासी फौजेने ते जमीनदोस्त केलं, तुलूनची मशीद तेवढी शिल्लक ठेवली. 969 मध्ये फातिमी सेनापती जौहरने तटबंदीचं नवं शहर आखलं, त्याचंच नाव पुढे अल-काहिरा पडलं. त्याचाच उच्चार आपण कैरो करतो. 1168 मध्ये क्रुसेडर चाल करून येत असताना वजीर शावरने शत्रूच्या हाती पडू नये म्हणून फुस्तातला आग लावायला सांगितली. सलाहुद्दीन अय्युबी आले आणि 1176 मध्ये टेकडीवर किल्ल्याचं काम सुरू झालं.

म्हणजे सत्तेची जागा सतत सरकत राहिली. बाजार, महाल, दिवाणखाने तिच्यामागून गेले. जागेवर राहिले ते मेलेले. मुकत्तम टेकड्यांच्या पायथ्याशी फुस्तातच्या काळापासून दफन होत आलं आहे. हे कब्रस्तान म्हणजे कराफा. इतक्या वेळा मोडून पुन्हा उभं राहिलेल्या या महानगरात पहिल्या दिवसापासून आजपर्यंत त्याच कामासाठी वापरात असलेली जागा शोधायची, तर करफ्याचं नाव घ्यावं लागेल.

करफ्यात पूर्वीपासून जिवंत माणसांचा वावर आहे. 1326 मध्ये आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय की इथले लोक कबरींवर घुमट बांधतात, भोवती घरासारख्या भिंती घालतात, खोल्या काढतात आणि रात्रंदिवस कुरआन पढणारे कारी नेमतात. अशा अंगणवजा दफनभूमीला तिथे ‘होश’ म्हणतात. सणावाराला कुटुंब यायचं, मुक्काम करायचं. राखणदार आणि कबर खोदणारे कायमचेच राहायचे. विसाव्या शतकात खेड्यांतून माणसांचे लोंढे आले, शहरात भाडं परवडेना, तेव्हा अनेक गरीब कुटुंबांनी याच होशांमध्ये संसार थाटला. दोन कबरींच्या मध्ये बांधलेल्या दोरीवर वाळत घातलेले शाळेचे गणवेश मी पाहिले. एका होशच्या दारात सुताराचं दुकान होतं. बाहेरचे लोक याला ‘मृतांचं शहर’ म्हणतात, तिथे राहणाऱ्याला आपला पत्ता असा सांगणं कसं वाटत असेल कोण जाणे.

इमामसाहेबांच्या मकबऱ्यावरचा लाकडी घुमट 1211 मध्ये अय्युबी सुलतान अल-कामिलने बांधवला. त्याच्या शिखरावर धातूची एक छोटी होडी आहे. त्यात पाखरांसाठी दाणे ठेवत, असं सांगतात. आत कबरीवर सागवानी लाकडाचं कोरीव आवरण आहे, ते सलाहुद्दीनच्या काळातलं, 1178 चं. त्यावर ते घडवणाऱ्या सुताराचं, उबैदचं नावही कोरलेलं आहे. सुलतानाच्या काळात सुताराला आपलं नाव ठेवता आलं, याचं मला अप्रूप वाटलं. काही वर्षांच्या दुरुस्तीनंतर 2021 मध्ये हा मकबरा पुन्हा खुला झाला होता.

इथली एक जुनी रीत अशी की लोक इमामसाहेबांना पत्रं लिहितात. कुणाची जमीन भावाने बळकावलेली असते, कुणाचा नवरा नांदवत नाही, कुणाचा पगार अडकलेला असतो. सय्यद उवैस या समाजशास्त्रज्ञाने अशा पत्रांचा अभ्यास करून 1965 मध्ये पुस्तक लिहिलं. बाराशे वर्षांपूर्वी गेलेल्या कायदेपंडिताकडे माणसं दाद मागतात, याचा अर्थ जिवंतांच्या कचेरीत त्यांचं काम होत नसावं.

मी फातेहा पढून बाहेर आलो, तेव्हा काळ्या कपड्यांतल्या एका म्हातारीने माझ्या हातात गोड पाव ठेवला. ‘रहमा व नूर’ म्हणाली. मृताच्या नावाने कब्रस्तानात वाटायच्या या पावाला तिथे ‘शुरेक’ म्हणतात. आमच्याकडेही मय्यतीच्या नावाने खाणं वाटतात. मला भाषा धड येत नव्हती, पण पाव कशासाठी हे विचारावं लागलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर मात्र बुलडोझर दिसले. कैरो आणि उपनगरांची लोकसंख्या दोन कोटींच्या पुढे गेली आहे. पूर्वेला सुमारे 45 किलोमीटरवर नवी प्रशासकीय राजधानी उभी राहते आहे. तिची घोषणा 2015 मध्ये झाली. शहराच्या पूर्वेकडे जाणारे रुंद रस्ते आणि पूल हवेत, म्हणून 2020 पासून या कब्रस्तानांचे भाग पाडले जाऊ लागले. 1979 पासून ऐतिहासिक कैरो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण त्याने फारसा फरक पडला नाही. 2022 मध्ये थोर लेखक ताहा हुसेन यांच्या मकबऱ्यावर ‘हटवायचे’ अशी लाल अक्षरं दिसली आणि देशभर गदारोळ झाला. ती कबर वाचली. ज्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी गदारोळ कोण करणार? काही तरुण ढिगाऱ्यांतून कोरीव दगड वेचून त्यांची छायाचित्रं काढून ठेवत होते. पुढे जूनमध्ये सरकारने समिती नेमली, थोरामोठ्यांच्या अवशेषांसाठी वेगळं स्मारक-कब्रस्तान करण्याचंही जाहीर केलं, पण काही महिन्यांत पाडकाम पुन्हा सुरू झालं.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. कबरींवर इमारती बांधणं खुद्द इमाम शाफईंना पसंत नव्हतं. मक्केत अशी बांधकामं पाडणारे अधिकारी मी पाहिले आणि फकिहांनी त्याला आक्षेप घेतला नाही, असं त्यांनी ‘किताब अल-उम्म’मध्ये नोंदवलं आहे. मग त्यांच्याच शेजारचे घुमट पाडले तर बिघडलं कुठे? हा युक्तिवाद आपल्याकडेही कुणी करेल. पण त्यांनी दिलेलं कारण पाहा. एकाने इमारत बांधली तर दुसऱ्याच्या दफनाची जागा अडते. म्हणजे त्यांची काळजी जागा सर्वांना पुरावी ही होती. कब्रस्तान सगळ्यांचं राहावं म्हणून भिंत पाडणं आणि मोटारी लवकर जाव्यात म्हणून कब्रस्तानच हटवणं, या दोन गोष्टींना एकच नियम कसा लागू होईल?

बदलाला तर इमामसाहेबांचा विरोध नव्हताच. इराकमध्ये असताना त्यांनी दिलेली अनेक मतं इजिप्तला आल्यावर बदलली. आमच्या मजहबात त्यांना ‘कौल कदीम’ आणि ‘कौल जदीद’, म्हणजे जुनं मत आणि नवं मत म्हणतात. फतवा नव्या मतावर दिला जातो. पण शागिर्दांनी जुनं मत पुसून टाकलं नाही. तेही लिहून ठेवलं, आणि काही मोजक्या मसल्यांत पुढच्या उलेमांनी जुन्याचाच आधार घेतला. याच मजहबाचा मकरीझी (1364–1442) हा इतिहासकार पुढे या शहरात होऊन गेला. साथी आणि दुष्काळांनी कैरो खंगत असताना त्याने गल्ली, मशीद, बाजार, हमाम अशा एकेका जागेची नोंद केली. त्याचा ‘खितत’ हा ग्रंथ नसता, तर आज कितीतरी जागांची नावंही उरली नसती.

परतताना टॅक्सी नव्या पुलावरून गेली. ड्रायव्हर खुशीत होता. पूर्वी इथे तास जायचा, आता दहा मिनिटं, असं त्याने बोटांवर दाखवलं. त्याचं खोटं नव्हतं, रोज बारा तास स्टेअरिंगवर बसणाऱ्याला हे सुख लहान नाही. मग जरा वेळाने खिडकीतून खाली बोट दाखवून म्हणाला, ‘गिद्दी’, म्हणजे माझे आजोबा. त्यांची हाडं आता शहराबाहेर वाळवंटातल्या नव्या कब्रस्तानात नेली होती. ‘लांब आहे का?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘फार लांब. ईदला जाणं झालं नाही.’

पूल संपेपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. म्हातारीने दिलेला शुरेक माझ्या हातात होता. अर्धा तोडून मी त्याच्यापुढे केला. त्याने एका हाताने स्टेअरिंग धरून तो घेतला आणि तोंडात घालण्याआधी आजोबांच्या नावाने काहीतरी पुटपुटला.