पिकल्या पानाचा रक्तदाब

घरातील वडीलधाऱ्या माणसाला जिना चढताना धाप लागू लागली, अधूनमधून भोवळ येऊ लागली, किंवा डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून भला मोठा आकडा सांगितला, की आपल्यापैकी कोणीतरी सहज बोलून जाते, ‘वयोमानाप्रमाणे एवढे चालायचेच.’ हे वाक्य कोणी निर्दयपणाने उच्चारीत नाही. पुष्कळदा ते त्या वृद्धाच्या समाधानासाठीच म्हटलेले असते. परंतु या वाक्याला एक इतिहास आहे, आणि तो दिसतो तितका निरुपद्रवी नाही. रक्तदाबाची कथा हाती घेऊन आज आपण तो इतिहास पाहू.

रक्ताला दाब असतो, ही गोष्ट प्रथम मोजून दाखविली ती एका इंग्रज पाद्र्याने. स्टीफन हेल्स हे त्याचे नाव. त्याने एका घोडीच्या रोहिणीत नळी बसविली, आणि काचेच्या उभ्या नळीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. १७३३ साली त्याने हा प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पण रोग्यावर असा प्रयोग करण्याची सोय नव्हती! पुढे १८९६ मध्ये इटलीतील तुरीन येथे रिव्हा-रोची याने दंडाला बांधण्याचा हवेचा पट्टा काढला, आणि १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कोरोत्कोव्ह या शल्यवैद्याने त्या पट्ट्याखाली श्रवणनलिका ठेवून धमनीतील आवाज ऐकण्याची युक्ती सांगितली. त्या आवाजांवरूनच वरचा आकडा आणि खालचा आकडा असे दोन आकडे हाती आले. वरचा हृदय आकुंचन पावते त्या क्षणीचा, खालचा ते विसावते त्या क्षणीचा.

मोजणे आले; अर्थ लावणे मात्र चुकले. म्हाताऱ्या माणसांत वरचा आकडा चढलेला आढळतो, हे सर्वांच्या ध्यानात आले. त्यावरून वैद्यांनी असा तर्क केला की, धमन्या कठीण झाल्या म्हणजे त्यांतून रक्त ढकलण्यासाठी शरीर स्वतःच दाब वाढविते. तो दाब उतरविला तर मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त अपुरे पडेल. जर्मनीत १९११ साली या विकाराला जे नाव मिळाले त्यात ‘आवश्यक’ अशा अर्थाचे विशेषण होते, आणि त्या विशेषणातून दाब ही शरीराची गरजच आहे असा अर्थ पुष्कळांनी काढला. अमेरिकेतील थोर हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडले व्हाइट यांनीही १९३१ मध्ये लिहिताना, हा दाब शरीराने केलेली भरपाई असू शकेल, तेव्हा त्याला हात न लावणेच बरे, असा इशारा दिला होता. शंभरात आपले वय मिळवावे, तेवढा दाब निकोप समजावा, असा हिशेबही पुढे रूढ झाला. तो आपल्याकडेही पोचला, आणि पारावर बसणाऱ्या पेन्शनर मंडळींच्या तोंडी पुष्कळ वर्षे राहिला.

या समजुतीची किंमत सामान्य माणसालाच मोजावी लागली असे नव्हे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये एका तरुण हृदयतज्ज्ञाने तपासला तेव्हा तो १८६ वर १०८ भरला, आणि हृदयही थकलेले दिसले. त्यांचे मुख्य वैद्य मात्र, अध्यक्षांची प्रकृती वयाच्या मानाने उत्तम आहे, असेच लोकांना सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले. त्या दिवशी दाब ३०० वर १९० होता. वय अवघे त्रेसष्ट. त्या काळी उपचारही तोकडे होते, हे न्यायाने म्हटले पाहिजे. परंतु ‘वयाच्या मानाने’ हे शब्द जगातील सर्वांत बलाढ्य माणसाच्या उशाशीही उभे होते, हे विसरून चालणार नाही.

आता उपचारांच्या शोधात आपल्या देशाचा वाटा किती मोठा आहे, हे पाहण्यासारखे आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची परिचित वनस्पती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी, तिच्या मुळीने उन्मादाचा वेग उतरतो तसा रक्तदाबही उतरतो, असे लिहिले. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले ते मुंबईमुळे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रोग्यांना सर्पगंधा देऊन, आकडे टिपून, १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग पत्रिकेत निबंध प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. या औषधाने काहींना गुंगी येई, काहींचे मन खिन्न होई, हा त्याचा दोषही सांगितला पाहिजे.

दाब उतरविता येतो, हे ठरले. उतरविल्याने माणूस वाचतो का, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या इस्पितळांनी दिले. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली काही रोग्यांना रेसर्पिनसह तीन औषधे आणि काहींना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या देण्यात आल्या. १९६७ आणि १९७० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि औषध घेणाऱ्यांत पक्षाघात व हृदयाचा ऱ्हास लक्षणीय रीतीने कमी झाला, हे सिद्ध झाले. परंतु हे रोगी निवडले होते खालच्या आकड्यावरून. ज्या वृद्धांचा वरचा आकडा तेवढा चढलेला आणि खालचा मात्र सामान्य, ते बाहेरच राहिले. त्यांचे ते ‘वयोमान’!

या वृद्धांच्या शरीरात घडते तरी काय? बागेतील रबरी नळीने झटका देऊन पाणी सोडले तर नळी फुगते आणि धक्का पोटात घालते. तेच पाणी लोखंडी नळीत सोडले तर सगळा धक्का पुढे जातो. तारुण्यात महारोहिणी रबरी नळीसारखी असते. वयाबरोबर ती ताठर होते. म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. अर्थात हा चढलेला दाब शरीराने केलेली सोय नव्हे. तो ताठर नळीतून मेंदूपर्यंत पोचलेला धक्का होय. फ्रॅमिंगहॅम या अमेरिकन गावात १९४८ पासून पाच हजारांवर स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी चालली होती. वरचा आकडाही तितकाच घातक आहे, हे १९७१ च्या सुमारास त्या पाहणीतून स्पष्ट झाले.

तरीही, वृद्धांना औषध दिले तर ते अपाय करील, ही भीती गेली नव्हती. आणि प्रयोगाशिवाय ती जाणारही नव्हती. म्हणून अमेरिकेत सुमारे साडेचार लाख माणसे तपासून, साठीच्या पुढचे ४७३६ स्त्रीपुरुष निवडण्यात आले. त्यांतील निम्म्यांना लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारी एक जुनी, स्वस्त गोळी अल्प प्रमाणात दिली. ती पुरली नाही तर जोडीला आणखी एक औषध, आणि त्या औषधांत आपल्या सर्पगंधेचे रेसर्पिनही होते. १९९१ मध्ये फळ हाती आले. पाच वर्षांत निर्गुण गोळी घेणाऱ्या शंभरांत आठांहून थोड्या अधिक जणांना पक्षाघात झाला, औषध घेणाऱ्या शंभरांत पाचांहून किंचित अधिक जणांना. शंभरांत तीन! आकडा लहान वाटेल. पण ज्या घरात पक्षाघाताचा रोगी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून पडला आहे, त्या घराला विचारा.

आता वाद ऐंशीच्या पुढचा राहिला. तेथे औषधाने पक्षाघात टळतो, पण मृत्यू कदाचित वाढतात, अशी शंका १९९९ मध्ये निघाली होती. तिचे निरसन २००८ साली झाले. युरोप, चीन आणि अन्यत्र मिळून ऐंशीच्या पुढचे ३८४५ वृद्ध या प्रयोगात सामील झाले. औषध घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे एकपंचमांशाने घटले, आणि लाभ इतका उघड दिसला की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला.

याचा अर्थ प्रत्येक वृद्धाला गोळ्यांचा मारा करावा असा मात्र नव्हे. या प्रयोगांत आलेली माणसे त्यातल्या त्यात धडधाकट होती. अतिशय क्षीण झालेल्या, आठ-दहा औषधे घेणाऱ्या वृद्धाचा दाब एकदम उतरविला तर अंथरुणातून उठताना तो कोसळेल, आणि मोडलेले खुब्याचे हाड हे पक्षाघाताहून कमी दुःखद नसते. म्हणून शहाणा वैद्य वृद्धाचा दाब बसवून मोजतो, उभे करूनही मोजतो, आणि औषध थोडे देऊन सावकाश वाढवितो. वयाचा विचार करायचा तो असा. वय हे उपचार जपून करण्याचे कारण आहे. न करण्याचे नव्हे.

श्रोतेहो, या साऱ्या कथेत आम्हांला सर्वांत थोर वाटतात ते शास्त्रज्ञ नव्हेत, तर ती हजारो वृद्ध माणसे. आपल्या वाट्याला खरी गोळी आली की खोटी, हे त्यांना ठाऊक नव्हते. आयुष्याची सायंकाळ झालेली असताना ती महिनोन्‌महिने दंड पुढे करून बसली, आणि तिचा लाभ पुढच्या पिढीतील वृद्धांना मिळाला. पिकले पान कधीतरी गळायचे, हा सृष्टीचा नियम आहे, आणि तो मोडण्याचा आव कोणी आणलेला नाही. प्रश्न एवढाच, की ते आपल्या काळाने गळते, की आपण ‘चालायचेच’ म्हणून फांदी हलवितो? आज घरी गेल्यावर आपापल्या वडीलधाऱ्यांची विचारपूस करताना हा प्रश्न आपण स्वतःला घालावा, एवढीच आमची विनंती आहे.